टॉमस, जॉर्ज हेन्री

टॉमस, जॉर्ज हेन्री : (३१ जुलै १८१६–२८ मार्च १८७०). अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या बाजूने लढलेला सेनानी. जन्म दक्षिणेतील व्हर्जिनिया राज्यात, साउथॅम्प्टन परगण्यातील गुलाम बाळगणाऱ्या जमीनदार घराण्यात. १८३१ मध्ये याच परगण्यात नॅट टर्नरने गुलामांचा उठाव केला, तेव्हा टॉमसच्या विधवा आईला मुलांसह रानात आसरा घ्यावा लागला होता.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून तो १८४० साली बाहेर पडला. पुढे यादवी युद्धात उत्तरेचा सेनानी म्हणून गाजलेला विल्यम शर्मन तेथे त्याच्याच खोलीत राहत असे. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात त्याने तोफखान्यात नाव मिळवले. पुढे वेस्ट पॉइंटवर घोडदळाचे धडे देताना तो घोड्यांना भरधाव सोडू देत नसे, म्हणून विद्यार्थ्यांनी त्याला ‘मंद दुडकीवाला म्हातारा’ म्हणायला सुरुवात केली. संथपणाचा हा शिक्का त्याला जन्मभर पुसता आला नाही.

१८६१ मध्ये व्हर्जिनिया संघराज्यातून फुटले. टेक्सासच्या पलटणीतला त्याचा वरिष्ठ, पुढे दक्षिणेचा सेनापती झालेला रॉबर्ट ली राज्याबरोबर गेला. टॉमस गेला नाही. बहिणींनी त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून लावली आणि संबंध तोडले, असे सांगतात. उत्तरेतही या व्हर्जिनियाच्या माणसाबद्दल संशय होताच, शिवाय बढतीसाठी शब्द टाकणारा स्वतःच्या राज्याचा पुढारीही त्याला नव्हता. तरी जानेवारी १८६२ मध्ये केंटकीतील मिल स्प्रिंग्ज येथे त्याने उत्तरेला पश्चिम आघाडीवरचा एक महत्त्वाचा प्रारंभीचा विजय मिळवून दिला.

चिकमॉगाच्या लढाईत (१९–२० सप्टेंबर १८६३) एका चुकीच्या हुकमामुळे उत्तरेच्या फळीत खिंडार पडले. त्यातून दक्षिणेचा सेनानी लाँगस्ट्रीट याच्या तुकड्या आत घुसल्या. उत्तरेच्या या सैन्याचा, म्हणजे कंबरलँड सैन्याचा सेनापती रोझक्रान्स चॅटानूगा शहराकडे निघून गेला. टॉमसने मात्र स्नॉडग्रास टेकडीवर उरलेली माणसे गोळा केली आणि ग्रेंजरची कुमक मिळाल्यावर संध्याकाळपर्यंत मोर्चा धरून ठेवला. उरलेले सैन्य त्यामुळे वाचले आणि त्याला ‘चिकमॉगाचा खडक’ हे नाव मिळाले. महिन्याभरातच कंबरलँड सैन्याची सूत्रे त्याच्याकडे आली.

नॅशव्हिलची लढाई (१५–१६ डिसेंबर १८६४) हे त्याचे सर्वांत पक्के काम. दक्षिणेचा सेनानी हूड याचे सैन्य शहरासमोर ठाण मांडून होते. टॉमसच्या घोडदळाला मात्र घोडेच पुरे नव्हते. विल्सन या घोडदळप्रमुखाने गावोगावचे घोडे जमा केले, त्यांत सर्कशीतले घोडेही होते. त्यातच गोठता पाऊस पडून जमीन काचेसारखी झाली. इकडे उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याच्या हल्ला करण्यासाठी तारांवर तारा येत होत्या. टॉमसच्या जागी दुसरा अधिकारी रवानाही झाला होता. टॉमस बर्फ वितळेपर्यंत हलला नाही. हल्ला सुरू झाल्यावर विल्सनच्या स्वारांनी पायउतार होऊन शत्रूची डावी बगल उलटवली. शत्रूच्या उजवीकडे कृष्णवर्णीय पलटणींनी ओव्हरटन टेकडीवर चाल केली. त्यांपैकी १३ व्या पलटणीचे सुमारे २२० लोक कामी आले किंवा जायबंदी झाले. दोन दिवसांत हूडचे सैन्य लढण्याजोगे उरले नाही. ज्याला दिरंगाई म्हटले गेले ती प्रत्यक्षात तयारी होती. शत्रूचे सैन्य इतके पूर्ण मोडल्याची उदाहरणे या युद्धात फारशी नाहीत.

युद्धानंतर टेनेसी-केंटकी भागात त्याने मुक्त झालेल्या गुलामांच्या संरक्षणासाठी लष्कर वापरले. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ग्रँटला शह देण्यासाठी त्याला बढती देऊ केली. राजकारणाचा वास येताच त्याने ती नाकारली. १८६९ मध्ये पॅसिफिक विभागाचा प्रमुख म्हणून तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तेथेच आपल्या युद्धकार्यावरील एका टीकालेखाला उत्तर लिहीत असताना त्याला झटका येऊन मृत्यू आला. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय या पत्नीच्या गावी त्याचे दफन झाले. व्हर्जिनियाहून त्याच्या घरचे कोणी आले नाही. ग्रँट आणि शर्मन यांनी पुढे आपापल्या आठवणी लिहिल्या. टॉमसने लिहिल्या नाहीत आणि खासगी कागदपत्रेही मागे ठेवली नाहीत. त्यामुळे त्याच्याविषयीचे मत बराच काळ त्या दोघांच्या लेखणीतूनच घडले.