मुलांना आत्महत्येबद्दल थेट विचारावं का?

"आत्महत्येचा विषय मुलांसमोर काढू नका, नसलेलं डोक्यात शिरेल," हा सल्ला पालकसभांमध्ये वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि घातकही. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की विचारल्याने धोका वाढत नाही; उलट मनावरचा ताण हलका होतो. दहावी-बारावीच्या निकालाआधी अबोल झालेल्या, जेवण-झोप सोडलेल्या मुलाला जवळ बसवून स्पष्ट विचारा, "जगणं नकोसं वाटतंय का?" 'हो' म्हणालं तर रागावू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. १४४१६ वर फोन लावा. या क्रमांकावरची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची २०२२ पासूनची सरकारी सेवा मोफत, २४ तास आणि मराठीतही मिळते. जिवाला तातडीचा धोका दिसला तर थेट रुग्णालय गाठा.