नवी रायफल बांधून घेण्याआधी: काडतूस कसं ठरवावं

आमच्या कार्यशाळेत येणारे ग्राहक बहुधा आधी लाकूड बघतात. अक्रोडाच्या दस्त्यावरच्या रेषा, नळीची लांबी, दुर्बीण कोणती बसवायची हे सगळं बोलून होतं आणि निघता निघता प्रश्न येतो, "काडतूस कोणतं घेऊ या?" खरं तर हा प्रश्न पहिला यायला हवा. काडतूस ठरल्याशिवाय ॲक्शन (काडतूस आत घेऊन बंद करणारी यंत्रणा) मागवता येत नाही, नळीतल्या आट्यांना किती पीळ हवा ते सांगता येत नाही आणि चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) तर कापताच येत नाही. कोलोरॅडोत आमचे मराठी ग्राहक आता बरेच झाले आहेत. दुकानात उभ्या उभ्या सांगितलेलं घरी जाईपर्यंत निम्मं विसरलं जातं, म्हणून हे पत्रक मराठीत लिहिलं आहे.

गावाकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची .३१५ ची रायफल पाहिलेले पुष्कळजण असतात. ते विचारतात, तसंच काही इथे का नको? लष्करी .३०३ चं काडतूस सर्वसामान्यांच्या हाती जाऊ नये, या ब्रिटिश सरकारच्या धोरणामुळे भारतात .३१५ रुळली. म्हणजे तिथे काडतूस कायद्याने ठरवलं, जनावराने नाही. इथे निवड मोकळी आहे, आणि गोंधळ त्यामुळेच होतो. कोलोरॅडोचा नियम फक्त खालची मर्यादा घालतो: किमान .२४ कॅलिबर (इंचांत गोळीची जाडी), हरीण आणि प्रॉन्गहॉर्नसाठी (काळविटासारखं माळावरचं जनावर) किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, एल्कसाठी (सांबरासारखं मोठं हरीण) ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा. .२४३ विंचेस्टर या मर्यादेत बसतं. .२२३ बसत नाही, त्यामुळे ते हरणासाठी मागू नका.

जनावर आणि अंतर

मध्यम शिकार म्हणजे आमच्या भागात प्रॉन्गहॉर्न, म्यूल डिअर आणि व्हाइटटेल. प्रॉन्गहॉर्न शंभर-सव्वाशे पौंडांचं, म्यूल डिअरचा मोठा नर दोनशेच्या आसपास. एल्कची गोष्ट वेगळी: मादी पाचशे पौंडांची, नर सातशेचा. "कधीतरी एल्कलाही जाईन" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. ते "कधीतरी" दर वर्षीचं आहे की दहा वर्षांतून एकदाचं, हे घरी ठरवून या. त्यावर बरंच अवलंबून आहे.

अंतराबद्दल मनाशी प्रामाणिक राहा. पूर्वेकडच्या मोकळ्या माळावर प्रॉन्गहॉर्न तीनशे यार्डांवरून बघत उभं राहतं, पण डोंगरातल्या ॲस्पेनच्या झाडीत शंभर यार्डही दिसत नाहीत. .२७० विंचेस्टरमधून १३० ग्रेनची गोळी सेकंदाला ३,०६० फुटांनी निघते. २०० यार्डांवर नेम जुळवला असेल तर ३०० यार्डांवर ती सहा-सात इंच खाली लागते. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी आठ-एक इंच खाली जाते. हरणाच्या छातीतला मर्मभाग आठ ते दहा इंचांचा असतो. तेव्हा तीनशे यार्डांच्या आत या दोघांतला फरक इंच-दीड इंचाचा आहे, आणि तुमच्या श्वासाने पडणारा फरक त्याहून मोठा असतो.

खांद्याला काय सोसतं

हा भाग कृपया वगळू नका.

सुरुवातीच्या एका वर्षी मी स्वतः .३०० विंचेस्टर मॅग्नम घेऊन म्यूल डिअरला गेलो होतो. मोठं काडतूस असलं की चुकीला जागा राहते, असं मला वाटायचं. सरावाच्या मैदानावर वीस बारांनंतर माझा खांदा काळानिळा पडला होता, तरी मी तो सराव पुरेसा मानला. डोंगरात चाप ओढण्याच्या क्षणी मी नकळत डोळे मिटले आणि गोळी पोटात लागली. ते हरीण मला अंधार पडेपर्यंत सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं तेव्हा त्याने रात्रभर काय सोसलं असेल ते कळत होतं. दोष काडतुसाचा नव्हता. माझ्या खांद्याला न पेलणारं काडतूस मी निवडलं होतं.

आठ पौंडांच्या रायफलीत ७ एमएम-०८ चा धक्का ढोबळमानाने बारा-तेरा फूट-पौंड असतो. १८० ग्रेनच्या गोळीसह .३०-०६ चा वीसच्या आसपास, तर .३०० मॅग्नमचा पंचविसाच्या वर. नळीच्या तोंडाला ब्रेक बसवला की धक्का कमी होतो, पण आवाज इतका वाढतो की शेजारी उभ्या असलेल्याच्या कानांना इजा होते. घरातल्या मुलाला किंवा मुलीला सोबत नेणार असाल, तर ब्रेकवर विसंबून मोठं काडतूस घेऊ नका.

आम्ही काय सुचवतो

रायफल मुख्यतः हरणासाठी हवी असेल तर आमची पहिली पसंती ७ एमएम-०८ रेमिंग्टन. .३०८ ची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) तोंडाशी सात मिलिमीटरपर्यंत आवळून १९८० मध्ये ते बाजारात आलं. त्याचं काम जवळपास जुन्या ७×५७ माउझरइतकंच आहे. ७×५७ म्हणजेच इंग्रजांची .२७५ रिग्बी. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली, ती याच काडतुसाची. एवढ्या वर्षांपूर्वीचं हे माप आजही हरणासाठी नेमकं आहे, याचा मला फार आनंद वाटतो. अडीचशे यार्डांच्या आत, चांगल्या गोळीसह, एल्कच्या मादीसाठीही ते पुरेसं आहे.

माळावरच्या लांब अंतरासाठी ६.५ क्रीडमोर घ्या. २००७ मध्ये ते नेमबाजीच्या स्पर्धांसाठी आलं आणि शिकाऱ्यांनी उचललं, कारण त्याची लांब, निमुळती गोळी वाऱ्याने कमी ढळते. दर वर्षी एल्कला जाणाऱ्यांना मात्र आम्ही .३०-०६ किंवा .२८० ॲकली इम्प्रूव्हड सांगतो. .३०-०६ ला १९०६ पासूनचा इतिहास आहे आणि हलक्या ते जड अशा सगळ्या गोळ्या त्यात चालतात. .२८० ॲकली गुणाने उत्तम, पण त्याची एक अडचण पुढे येते.

७ एमएम-०८, ६.५ क्रीडमोर, .३०८ आणि .२४३ ही आखूड ॲक्शनमध्ये बसतात. .२७०, .३०-०६ आणि .२८० ला लांब ॲक्शन लागते. रायफलीचं वजन आणि बोल्टची (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याची) चाल त्यावरून ठरते. या सगळ्यांच्या बुडाचा व्यास मात्र एकच, त्यामुळे पुढे नुसती नळी बदलून त्याच ॲक्शनवर त्याच लांबीचं दुसरं काडतूस चालवता येतं. बुडाशी पट्टा असलेल्या, .३०० सारख्या मॅग्नमला बोल्टचं तोंडच मोठं लागतं. तिथून परत येणं महाग पडतं.

गोळी, पीळ आणि तांबं

नळीतल्या आट्यांचा पीळ गोळीच्या लांबीवर ठरतो. ६.५ क्रीडमोरला आम्ही आठ इंचांत एक वेढा देतो. .२४३ ला जुन्या पद्धतीने दहा इंचांत एक वेढा असतो आणि तो १०० ग्रेनच्या नेहमीच्या गोळीपर्यंत पुरतो. हल्ली बरेच ग्राहक निव्वळ तांब्याची गोळी मागतात. मांस घरी खायचं असेल तर मागणी योग्यच आहे, कारण शिशाचे बारीक कण जखमेभोवतीच्या मांसात पसरतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला जास्त पीळ लागतो. तांबं वापरणार असाल तर हे आम्हाला नळी मागवण्याआधी सांगा. गोळी एक पायरी हलकी घेतली तरी चालते, कारण तांब्याच्या गोळीचं वजन जनावरात शिरताना फारसं झडत नाही.

दुकानात मिळतं का?

डोंगरातल्या छोट्या गावच्या दुकानात .३०-०६, .३०८, .२७०, .२४३ आणि ६.५ क्रीडमोर बहुधा मिळतात. .२८० ॲकलीचं तसं नाही; ही ती अडचण. २०२०-२१ च्या टंचाईत तर नेहमीची काडतुसंही मिळेनात. रायफल ताब्यात घेताना एकाच बॅचची दहा खोकी घेऊन ठेवा आणि त्यातली निम्मी पहिल्याच वर्षी सरावात उडवा.

कायद्याच्या दोन गोष्टी

तुम्ही एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. परवाना हातात असल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत परवान्याआधी शिकारी शिक्षणाचा वर्ग करावा लागतो. तो आधी उरका.

दुसरी गोष्ट भारतात जाताना. शिकारीचं जाकीट, पाठपिशवी, दुर्बिणीची पिशवी यांचे सगळे कप्पे उलटे करून बघा. विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. सामान भरायला ती पिशवी वापरूच नका, हे उत्तम.

येताना काय आणावं

सध्या वापरत असलेली रायफल असेल तर रिकामी करून, बोल्ट काढून आणा. तिच्यावर तुमचा खांदा कसा बसतो ते बघून दस्त्याची लांबी ठरवतो. थंडीतलं जाड जाकीटही आणा, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेच अंगावर असणार. आवडीची गोळी ठरली असेल तर तिचं एक खोकं आणा. चेंबर प्रमाणित मापाचंच कापतो, म्हणजे दुकानातलं कुठल्याही कंपनीचं काडतूस चालेल. काडतुसाचं नाव नळीवर कोरून देतो, कारण ७ एमएम-०८ आणि .३०८ एका खिशात पडली तर नुसत्या नजरेला सारखीच दिसतात.

चेंबर कापण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तुम्हाला फोन करू. त्या फोनपर्यंत, मागवलेल्या ॲक्शनला आणि नळीला चालणारं दुसरं काडतूस घेता येईल.