फॉन्ट फुटणं

मराठी मजकूर एका कॉम्प्युटरवर नीट दिसतो आणि तीच फाईल दुसरीकडे उघडली की वाचता येत नाही, याला ठाणे-नवी मुंबईकडच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या, दुकानांत फॉन्ट फुटणं किंवा फॉन्ट उडणं म्हणतात. नाव एकच असलं तरी आजार तीन आहेत. रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर जुन्या फॉन्टातला आहे आणि तो फॉन्ट या मशीनवर नाही. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, आहे पण फॉन्टात ते अक्षरच नाही. आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी दिसली, वेलांटी भलतीकडेच जाऊन बसली, तर फॉन्ट आहे पण सॉफ्टवेअरला जोडाक्षर बांधता येत नाहीये.

याची सुरुवात कशामुळं झाली यावर दोन मतं आहेत. एक असं की फॉन्ट विकणाऱ्यांनी आपापले कोड, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक हे, वेगवेगळे ठेवले, दुसरं असं की सगळ्यांना चालेल असा कोड वेळेवर हाताशी नव्हता. पहिलं मत जास्त ऐकू येतं, पण ते अर्धंच पटतं. भारतीय लिपींसाठीचा इस्की हा कोड ऐंशीच्या दशकातच आला होता, १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानकही झाला, आणि कानपूर आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिपींच्या तंत्राचं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने पुढं नेलं. पण इस्कीसाठी वेगळं कार्ड नाहीतर खास सॉफ्टवेअर लागायचं आणि छापखान्यांना काम करायचं होतं पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पानं आणि चित्रं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्यांना फक्त २५६ खणांचा रोमन फॉन्ट कळायचा. म्हणून त्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवले गेले: काना एका खणात, अर्धा त दुसऱ्या, रफार तिसऱ्या, आणि कुठला तुकडा कुठं हे ज्यानं त्यानं ठरवलं.

उदाहरण बघा. कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाईप केलं की फाईलमध्ये प्रत्यक्षात साठतं ई, जे, के, कॅपिटल बी, एच. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की ही पाच अक्षरं. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला तर तिसरंच काहीतरी. शिवाय पहिली वेलांटी दिसते डावीकडे म्हणून साठतेही अक्षराच्या आधी आणि रफार साठतो नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं, त्यामुळं नुसती अक्षरं बदलून जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर होत नाही, तुकडे उचलून मागंपुढं ठेवावे लागतात आणि ‘वर्षांनी’सारख्या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर आले की बरेच कन्व्हर्टर अडखळतात.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, पण मांडणी घेतली इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून, १९९१ ची सुधारित नाही. घरच्या कॉम्प्युटरवर हे आलं विंडोज २००० आणि त्यातल्या मंगल फॉन्टबरोबर. त्यानंतर सगळं सुटलं असं समजतात, पण मराठीपुरता एक घोळ राहिलाच आणि तो नीट सांगायला हवा, कारण हिंदीच्या चष्म्यातून तो दिसत नाही.

तो म्हणजे ‘दऱ्या’मधला अर्धा र. येऊरच्या दऱ्या आणि खाडीपलीकडचा दर्या हे वेगळे शब्द, आचाऱ्यांना जेवण सांगतात आणि आचार्यांना नमस्कार करतात. हा आडवा र लिहायचे तीन मार्ग आहेत. एक, नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, जोडलेलाच ऱ (युनिकोडमधला क्रमांक ०९३१) आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. दोन, साधा र, मग नुक्ता वेगळा, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह. पहिले दोन युनिकोड समान मानतं. तिसरा मार्ग युनिकोड २.० शी मेळ राहावा म्हणून ठेवला आहे आणि तो पहिल्याशी समान धरला जात नाही, म्हणजे पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ हुबेहूब सारखे पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. त्यात काही सॉफ्टवेअर न दिसणारी चिन्हं कचरा समजून गाळतात आणि दऱ्यांचा दर्या होतो. या लेखकाच्या मते पहिलाच मार्ग धरावा, इस्कीलाही तोच धरून आहे.

‘ॲ’चंही थोडं तसंच. त्याला स्वतःची जागा (०९७२) मिळाली २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये, त्याआधी लोक अ वर चंद्र टाकायचे. म्हणून ‘ॲडमिशन’ शोधलं की जुन्या फाईली येत नाहीत. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी असली तरी कोड एकच आहे, वळण फॉन्ट आणि भाषेच्या सेटिंगवर ठरतं.

पानं सरकणं हा वेगळा त्रास. वर्डची फाईल फॉन्ट सहसा बरोबर नेत नाही, नावच नेते. मंगल नसलेल्या लिनक्सवर त्या जागी लोहित किंवा नोटो हा दुसरा फॉन्ट येतो, ओळींची उंची बदलते आणि चार पानांचा अर्ज पाचव्यावर जातो.

छपाईत यावर जुना उपाय म्हणजे कर्व्ह करून देणं, अक्षरांची चित्रं करून टाकायची. फुटायची भीती गेली, पण वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. नौपाड्यात पानं लावलेला एक दिवाळी अंक तुर्भ्याच्या छापखान्यात गेला होता, तिथं त्याच नावाचा फॉन्ट होता पण आवृत्ती वेगळी, आणि प्रूफात प्रत्येक ‘श्र’च्या जागी ‘द्ध’ आला होता. ‘श्रावण’ सगळीकडे ‘द्धावण’. रोमन खिचडी झाली असती तर लगेच कळलं असतं, इथं मराठीच दिसत होतं म्हणून दोन फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे दोन संच, छापून झाल्यावर लक्षात आलं. पीडीएफमध्ये फॉन्ट आत भरून दिला की असं होत नाही, पण जुन्या फॉन्टाच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की हाती खिचडीच येते.

पेजमेकर ७.० वर, म्हणजे २००१ च्या शेवटच्या आवृत्तीवर, युनिकोड चालत नाही, आणि त्यातल्या जुन्या फाईली अजून दुकानांत आहेत. त्या उघडायच्या तर फॉन्टाची तीच आवृत्ती लागते, म्हणून जुने ऑपरेटर कामाच्या सीडीवर फाईलशेजारी फॉन्टचं फोल्डरही टाकून ठेवायचे.