वीजवाहक बहुवारिके : जैवपटल-प्रतिबंधक पृष्ठभाग

वीजवाहक बहुवारिकांच्या (लहान रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या, वीज वाहणाऱ्या पदार्थांच्या) पृष्ठभागावर जीवाणूंना ठाण मांडता येऊ नये म्हणून त्यात केलेले रासायनिक वा विद्युतीय फेरफार. पॉलिपिरोल, पॉलिअ‍ॅनिलीन आणि पेडॉट ही या कामातली नेहमीची बहुवारिके. प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ धातूसारखी वीज वाहू शकतो, हे १९७७ मध्ये पॉलिअ‍ॅसिटिलीनवर दिसून आले. त्याबद्दल अ‍ॅलन हीगर, अ‍ॅलन मॅकडायरमिड आणि हिदेकी शिराकावा यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बहुवारिके धातूपेक्षा मऊ असतात, आयन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही वाहतात. त्यामुळे चेतापेशींशी जोडायच्या इलेक्ट्रोडांवर त्यांचे लेप देऊन पाहिले जातात. शरीरात शिरलेली परकी वस्तू मात्र जीवाणूंनाही आवडते.

माठ बरेच दिवस घासला नाही, की आतून हाताला लागणारा बुळबुळीत थर हे जैवपटलच. सुट्या पेशी आधी सैलसर टेकतात, मग शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट गर स्रवून त्यात वस्ती करतात. तेथे प्रतिजैविके फारशी लागू पडत नाहीत. त्वचेवर एरवी निमूट राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसने असा थर धरला, तर अनेकदा रोपणच (शरीरात बसवलेले उपकरण) काढावे लागते. म्हणून भर पहिले टेकणे रोखण्यावर असतो.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही. येथला सर्वांत आश्वासक उपाय नेमका उलटा आहे. धन आणि ऋण प्रभार शेजारी-शेजारी बाळगणारे फॉस्फोरिलकोलीन किंवा सल्फोबीटेन यांसारखे अणुगट एडॉटच्या (ज्याची साखळी म्हणजे पेडॉट) रेणूलाच जोडून मग त्याची साखळी बनवतात. हे गट पाणी घट्ट धरून बसतात. प्रथिनाला वा जीवाणूला चिकटायचे, तर आधी ते पाणी हटवावे लागते आणि त्याची ऊर्जेतली किंमत परवडत नाही.

दुसरी वाट पापुद्रा तयार होतानाच पकडता येते. पिरोल आणि एखादे लवण विरघळवलेल्या पाण्यात इलेक्ट्रोड बुडवून विभव (विद्युत् दाब, व्होल्टेज) लावला, की त्यावर काळा थर चढू लागतो. प्रभार जुळवण्यासाठी थर ऋण आयन आत ओढतो. तो हेपारिन असावा की डेक्स्ट्रान सल्फेट, हे आपण ठरवायचे. औषधाचा आयन भरला, तर पुढे विभव बदलून तो सोडताही येतो. थरात चांदीचे सूक्ष्मकण मिसळले, तर ते जीवाणू मारतात खरे, पण साठा आटतो आणि मेलेल्या पेशींच्या थरावर पुढच्या येऊन बसतात.

विभवाचा स्वतःचाही परिणाम होतो. ऑक्सिडीभूत (इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या) पेडॉटवर साल्मोनेलाचे जैवपटल जोमाने वाढलेले आढळले, कारण तो पृष्ठभाग जीवाणूंकडून इलेक्ट्रॉन स्वीकारतो. क्षपित (इलेक्ट्रॉन दिलेल्या) पेडॉटवर ती सोय नसते.

खरी अडचण वेगळीच. प्रतिबंधक थर जाड झाला, की विद्युत् संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा) वाढतो आणि इलेक्ट्रोड इलेक्ट्रोड राहत नाही. चेतापेशींच्या इलेक्ट्रोडांसाठी हा संरोध बहुधा १ किलोहर्ट्‌झला मोजतात. शिवाय प्रयोगशाळेतली चाचणी पुष्कळदा दिवसभराची, तर रोपण वर्षानुवर्षांचे. रक्तातली प्रथिने काही मिनिटांतच पृष्ठभाग झाकू लागतात; जीवाणू पोचतो तेव्हा त्याची गाठ बहुवारिकाशी नव्हे, तर बरेचदा त्या प्रथिनांशी पडते.