घरातले भांडण आणि घरातला धाक

‘नवरा-बायकोत भांडण कुठे होत नाही?’ हे वाक्य छळाबद्दल बोलू पाहणाऱ्या बाईला बहुधा माहेरीच पहिल्यांदा ऐकावे लागते. भांडणात दोघेही बोलतात, दोघेही चुकतात आणि उद्या पुन्हा आपले म्हणणे मांडायला कोणी घाबरत नाही. धाकात मात्र एक जण तोंड उघडण्याआधी दुसऱ्याचा चेहरा पाहतो. आवाज किती चढला यावरून काहीच ठरत नाही, कारण धाक बसलेल्या घरात बऱ्याचदा शांतताच असते.

सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळून कारखान्यात माल देणाऱ्या बाईचे उदाहरण घेऊ. आलेल्या मजुरीतून आधी मुलांची फी भरायची की भिशी, यावरून खटके उडाले तर तो वाद झाला. पण मजुरी जमा होणाऱ्या खात्याचे एटीएम कार्ड कायम नवऱ्याच्या खिशात असेल, रिक्षाभाड्याचाही हिशेब द्यावा लागत असेल, फोन रोज तपासला जात असेल आणि बहिणीकडे जाणे हळूहळू बंद झाले असेल, तर एकदाही हात उगारला गेला नसला तरी तो छळच आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक व लैंगिक छळाबरोबर शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही स्पष्टपणे मोजला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने अशा सततच्या नियंत्रणाला स्वतंत्र गुन्हाच ठरवले.

हा फरक न ओळखता ‘समजूत घालून’ नांदायला पाठवणे मला सर्वांत घातक वाटते. तडजोडीला दोन्ही बाजू सारख्या लागतात, आणि ज्याचा धाक आहे त्याच माणसासमोर बसवलेली बाई खरे बोलेलच कशी?

अशा घरातून बाहेर पडल्यावरही धोका लगेच टळत नाही, उलट काही काळ वाढू शकतो. मुलांकरवी निरोप येतात, धमक्या येतात. फोन वाजला की छातीत धस्स होणे, साधी भाजी निवडतानाही कोणाची तरी परवानगी हवीशी वाटणे, आणि त्याच माणसाची आठवण येणे, हे सारे बराच काळ चालते. निर्णय चुकला असा त्याचा अर्थ नसतो. पैसे, वेळ, भेटीगाठी यांबाबतचे छोटे निर्णय स्वतः घेत गेल्यानेच ही सवय सुटते.

पासबुक, आधार, मुलांचे जन्मदाखले आणि स्त्रीधनाची यादी यांच्या प्रती विश्वासू व्यक्तीकडे आधीच ठेवाव्यात. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायालयात अर्ज करून संरक्षण, निवास आणि खर्चाचे आदेश मागता येतात, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.