विस्तारित हिग्ज प्रतिमाने व जड फर्मियॉन

कणभौतिकीच्या स्टँडर्ड मॉडेलमध्ये (मूलकण व त्यांच्यातील बलांच्या प्रस्थापित सिद्धांतात) एक हिग्ज द्विक (कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्रांची जोडी) व फर्मियॉनांच्या (क्वार्क, इलेक्ट्रॉन यांसारख्या द्रव्यकणांच्या) तीन पिढ्या आहेत. द्विकांची संख्या वाढविणारी किंवा इतर अदिश (दिशा नसलेली, हिग्जसारखी) क्षेत्रे जोडणारी प्रतिमाने ती विस्तारित हिग्ज प्रतिमाने. तीन पिढ्यांपलीकडचे, अद्याप न सापडलेले कण ते येथे अभिप्रेत असलेले जड फर्मियॉन.

दोन द्विकांच्या प्रतिमानाचे जनकत्व सामान्यतः त्सुंग-दाओ ली (१९७३) यांच्याकडे दिले जाते. तथापि त्याच वर्षी काहीशा आधी प्रसिद्ध झालेल्या माकोतो कोबायाशी व तोशिहिदे मासकावा यांच्या निबंधातही सीपी सममितीच्या (कण व त्याच्या प्रतिकणाची आरशातील प्रतिमा यांच्या वर्तनातील सारखेपणाच्या) भंगाचे स्पष्टीकरण म्हणून जादा अदिश क्षेत्रांचा पर्याय तपासलेला आहे. त्यांची गाजलेली सहा क्वार्कांची कल्पना त्यात अखेरीस, जवळजवळ ओझरती येते. त्यामुळे जादा अदिश क्षेत्रे व जादा क्वार्क हे दोन्ही विस्तार सीपी भंगाच्या एकाच कोड्याची पर्यायी उत्तरे म्हणून पुढे आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ली यांचे वेगळेपण असे की, सीपी भंग समीकरणांत मुळात न घालताही तो निर्वात (किमान ऊर्जेच्या) अवस्थेतून उत्स्फूर्तपणे उद्भवू शकतो, हे त्यांनी दाखविले. पुढे सहांपैकी बॉटम (१९७७) व टॉप (१९९५) क्वार्क सापडले. दुसरे द्विक सापडलेले नाही.

दोन द्विकांचे, प्रत्येकी चार, मिळून आठ घटक होतात. त्यांतील तीन डब्ल्यू व झेड बोसॉनांना (दुर्बल बलाच्या वाहक कणांना) वस्तुमान देण्यात खर्ची पडतात आणि पाच कण उरतात : तीन उदासीन, दोन विद्युत्‌भारित. क्वार्कांचा प्रकार बदलणाऱ्या पण विद्युत्‌भार न बदलणाऱ्या (उदासीन) प्रक्रिया अतिविरळ असल्याने, समान विद्युत्‌भाराच्या क्वार्कांना एकाच द्विकाकडून वस्तुमान मिळावे, ही ग्लॅशो-वाइनबर्ग अट (१९७७) बहुधा घातली जाते. किमान अतिसममित प्रतिमानात (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण मानणाऱ्या सर्वांत साध्या प्रतिमानात) दुसरे द्विक अपरिहार्यच असते. भारित हिग्जपासून निघणाऱ्या टाऊ कणाचे (इलेक्ट्रॉनच्या जड भाऊबंदाचे) ध्रुवीकरण, म्हणजे परिवलनाचा कल, डब्ल्यूपासून निघणाऱ्या टाऊच्या उलट असते; शोधासाठी या फरकाचा उपयोग सुचविणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डी. पी. रॉय व श्रीरूप रायचौधुरी होते.

आता जड फर्मियॉनांकडे वळू. चौथ्या पिढीच्या क्वार्कांमुळे ग्लुऑनांपासून (क्वार्कांना बांधणाऱ्या बलाच्या वाहक कणांपासून) होणारी हिग्जनिर्मिती सुमारे नऊपट व्हायला हवी होती. सर्न या यूरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत २०१२ मध्ये आढळलेल्या, सुमारे १२५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) वस्तुमानाच्या हिग्जने ती शक्यता जवळपास संपविली. अर्थात हा युक्तिवाद एकच द्विक गृहीत धरतो. सदिशसम क्वार्कांना तो लागू पडत नाही. त्यांच्या डाव्या व उजव्या घटकांवर दुर्बल बल सारखेच कार्य करते, त्यामुळे त्यांचे वस्तुमान हिग्जवर अवलंबून नसते. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या त्वरकावरील शोधांनी त्यांच्या वस्तुमानाची नीचतम मर्यादा एक टीईव्हीच्या (हजार जीईव्हीच्या) वर नेली आहे. मात्र बहुतेक शोधांत त्यांचा ऱ्हास डब्ल्यू, झेड वा ज्ञात हिग्जमध्ये होतो असे धरलेले असते. भारित हिग्जकडे होणारा ऱ्हास प्रबळ असल्यास ही मर्यादा सैल पडू शकते.