न्यूजरीडरमधील लेखजतनाची डिफॉल्ट जागा

यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाजाळ्यातल्या गटांतले लेख वाचण्याच्या प्रोग्रामला न्यूजरीडर म्हणतात. वाचकाने लेख जतन करण्याची आज्ञा दिली, पण जागा सांगितली नाही, तर प्रोग्राम तो ज्या डिरेक्टरीत ठेवतो ती लेखजतनाची डिफॉल्ट जागा. ही निवड किरकोळ नाही. न्यूज सर्व्हर जुने लेख मुदत संपली की काढून टाकतात, त्यामुळे वाचकाने ठेवलेली प्रत हीच त्याच्याकडे उरलेली एकमेव प्रत असू शकते.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर याची परंपरा जुनी आहे. लॅरी वॉल यांचा आरएन हा न्यूजरीडर १९८४ मध्ये आला. तो होम डिरेक्टरीतल्या, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीतल्या, ‘न्यूज’ या डिरेक्टरीत गटाच्या नावाने लेख ठेवत असे. टिन आणि ईमॅक्स या संपादकातला ग्नूस या न्यूजरीडरांनीही तीच जागा धरली. आरएन आणि ग्नूसमध्ये ‘सेव्हडिर’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारे मूल्य) बदलला की ती बदलते.

गटाचे नाव फाइल सिस्टिममध्ये कसे उतरवायचे, हा पुढचा प्रश्न. ‘कॉम्प.लँग.लिस्प’ हे एकच लांब नाव ठेवता येते किंवा टिंबाच्या जागी एकात एक डिरेक्टऱ्या करता येतात. जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये फाइलचे नाव १४ अक्षरांपुरते मर्यादित होते, तिथे दुसराच मार्ग सोयीचा. गटाची वेगळी डिरेक्टरी करून फाइलला लेखाचा क्रमांक देण्याचा आरएनमधला पर्याय मात्र धोक्याचा आहे. हा क्रमांक प्रत्येक सर्व्हर स्वतः देतो. सर्व्हर बदलला की तोच क्रमांक वेगळ्याच लेखाचा निघतो. मेसेज-आयडी, म्हणजे लेखाच्या शीर्षभागातली त्याची खास ओळख, सर्वत्र एकच राहतो, पण तो माणसाला वाचून काही कळत नाही, शिवाय त्यात तिरकी रेघ येऊ शकते आणि युनिक्सवर ती फाइलच्या नावात चालत नाही. त्यामुळे विषय आणि तारीख यांवरून नाव सुचवणे, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर न लिहिणे, हेच योग्य.

लिनक्ससारख्या सिस्टिमांच्या डेस्कटॉपसाठीच्या एक्सडीजी या नियमांत कॅशे (तात्पुरत्या प्रतींचा साठा), सेटिंग्ज आणि प्रोग्रामचा डेटा यांच्या जागा वेगळ्या केल्या आहेत. वाचण्यापुरते उतरवलेले लेख कॅशेत जावेत. ते पुसले गेले तरी सर्व्हरवर असेपर्यंत पुन्हा आणता येतात. मुद्दाम जतन केलेला लेख तिथे ठेवणे ही गंभीर चूक आहे, कारण साफसफाई करणारे प्रोग्राम कॅशे न विचारता रिकामी करू शकतात. डेटाची जागा टिकाऊ असली तरी टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या डिरेक्टरीत असते आणि सामान्य वापरकर्ता तिकडे फिरकत नाही. जतन केलेला लेख वाचकाचा स्वतःचा दस्तऐवज आहे. तो प्रोग्राम काढून टाकल्यावरही सहज सापडला पाहिजे. म्हणून होममधली उघडी दिसणारी डिरेक्टरी आजही सर्वांत सयुक्तिक ठरते.

अनेक लेख एकाच फाइलीत जोडायचे तर एमबॉक्स स्वरूप वापरतात. त्यात ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या मजकुराच्या ओळीमागे बाणासारखे चिन्ह घातले जाते. त्यामुळे डिजिटल सही असलेला लेख अशा फाइलीतून पडताळताना सही जुळेनाशी होऊ शकते. असे लेख स्वतंत्र फाइलीत, जसेच्या तसे ठेवतात.